येरवड्याचे नाव काढताच मान खाली का जावी?

घरात भांडण विकोपाला गेले की एक वाक्य हमखास कानी पडते, ‘याला येरवड्याला न्या!’ येरवड्यातच राहणाऱ्या कामगार कुटुंबांना तर हा टोमणा पाहुण्यारावळ्यांकडूनही ऐकावा लागतो. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. या टोमण्याच्या धास्तीने आपले कित्येक बंधू-भगिनी मनाचे दुखणे गिळून बसतात.

रात्रपाळीचा सुरक्षारक्षक घ्या, कंत्राटी सफाई कामगार घ्या, नाही तर मोठ्या कंपनीत साफसफाईला जाणारी भगिनी घ्या. झोप उडते, छातीत धडधडते, घास गिळवत नाही, कामावर जायच्या विचारानेच पोटात गोळा येतो. दवाखान्यात मात्र आपण डोकेदुखीची गोळी तेवढी मागतो. मग कुणी बाटलीकडे वळतो, तर कुणाच्या घरात अंगारे-धुपारे शिरतात.

शिकल्या-सवरलेल्यांचीही यातून सुटका नाही. पुण्यातील एका बड्या कंपनीत नोकरीला लागलेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी चार महिन्यांतच, २०२४ च्या जुलैत मरण पावली. कामाच्या अतोनात ओझ्याने आपली लेक गेली, असे तिच्या आईने कंपनीला पत्र लिहून कळवले. कंपनीने हे मान्य केले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मात्र स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या माऊलीला पत्र लिहिता आले, म्हणून देशाला कळले. आपल्या वस्तीतले दुखणे कोण लिहिणार?

म्हणूनच आपल्या हाती काय आहे, ते नीट समजून घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये सरकारला सादर केला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. तीच ही आपली ई.एस.आय. योजना. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा हप्ता ठरला. म्हणजे हा उपचार म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे, तो आपल्या घामाचा पैसा आहे.

या विम्यात कामगारासह कुटुंबाचाही उपचार होतो आणि त्यात मनाचे आजारही येतात. ठरलेले हप्ते भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. गंभीर मनोविकार दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यासाठी अटी पूर्ण करणाऱ्याला ८० टक्के दराने जास्त काळ भत्ता मिळू शकतो. हे कार्ड अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून असते!

कार्ड नसलेल्यांनीही खचून जाऊ नये. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय सरकारी आहे. तिथे गेलेला प्रत्येक जण कोंडला जातो, हा गैरसमज आहे. बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन माणूस त्याच दिवशी घरी परततो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही दिला आहे. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो.

तेव्हा भगिनींनो, घरचा माणूस गप्प गप्प राहू लागला, तर ‘काय सोंग करतोस’ असे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा. बंधूंनो, पगाराच्या चिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात दिसते का, ते आजच पाहा. कपात होत असून कार्ड मिळाले नसेल, तर चार सहकाऱ्यांना घेऊन मुकादमाला जाब विचारा. आणि पोरांसमोर तो टोमणा आजपासून बंद करा. ताप आल्यावर आपण दवाखान्याची वाट धरतो. मन आजारी पडल्यावरही तीच वाट धरायची आहे.