विकत घेतलेला गेम नेमका कोणाचा?

व्हिडिओ गेमसाठी पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला दोनपैकी एक गोष्ट मिळते: गेमची प्रत किंवा तो खेळण्याची परवानगी. ऑनलाइन दुकानात दोन्हींसाठी ‘विकत घ्या’ हेच बटण असते आणि किंमतही बहुधा सारखीच असते. फरक कळतो तो काही वर्षांनी. प्रत हाती असेल तर निर्माती कंपनी बुडाली तरी गेम खेळता येतो. नुसती परवानगी असेल तर कंपनी ज्या दिवशी सेवा बंद करील, त्या दिवशी गेम संपतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा उद्योग प्रत विकण्याकडून परवानगी विकण्याकडे सरकला आहे. त्यामुळे ग्राहकाचा हक्क आणि या कलेचे जतन हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत.

कॅसेटचा काळ

निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र आणले. त्याचे गेम प्लास्टिकच्या खोक्यातील चिपवर कायमचे साठवलेले असत. १९९०च्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला ‘टीव्ही गेम’ या नावाने महाराष्ट्रातील अनेक घरांत आल्या आणि गेमच्या खोक्यांना सगळे ‘कॅसेट’ म्हणू लागले. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सगळा गेम ४० किलोबाइटमध्ये मावत होता. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो.

कॅसेट खोचून बटण दाबले की गेम सुरू होई. त्यासाठी इंटरनेट लागत नसे, नाव नोंदवावे लागत नसे. वाचकाची आपल्या पुस्तकावर असते तशीच मालकी खेळणाऱ्याची कॅसेटवर असे. ती मित्राला देता येई, बदलून घेता येई, कंटाळा आल्यावर विकता येई. कॅसेटही अमर नव्हती. काही कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवण्यासाठी छोटी बॅटरी असे, ती कालांतराने संपे. पुढे आलेल्या सीडींवर चरे पडत. पण वस्तू सांभाळायची की नाही, हे तिच्या मालकाच्या हाती होते.

डबा गेला, खाते आले

अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी आलेला ‘हाफ-लाइफ २’ दुकानातून डबाबंद डिस्क आणली तरी स्टीमचे खाते उघडून इंटरनेटवरून मंजुरी घेतल्याशिवाय चालत नव्हता. त्या वेळी अनेक खेळाडूंनी यावर संताप व्यक्त केला. नंतर हीच पद्धत रुळली.

ती रुळण्यामागे खरे फायदेही होते. डिस्क हरवण्याची भीती उरली नाही, चुका दुरुस्त करणारी अपडेट आपोआप येऊ लागली आणि लहान निर्मात्यांना जगभरची बाजारपेठ खुली झाली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम २०२० मध्ये जगभर पोचला, तो अशाच डिजिटल दुकानांमुळे.

मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या यंत्रासाठी दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडण्याची अट आणि जुने गेम विकण्यावर बंधने जाहीर केली. ग्राहक इतके खवळले की काही आठवड्यांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. मात्र दिशा बदलली नाही. आज डिस्क घालायची सोयच नसलेली यंत्रे सर्रास विकली जातात. कायदाही कंपन्यांच्या बाजूने झुकला. ‘व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क’ खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये असा निकाल दिला की, करारात तसे म्हटले असेल तर सॉफ्टवेअर घेणारा त्या प्रतीचा मालक नसून केवळ परवानाधारक ठरतो.

गेम नाहीसे कसे होतात

पहिला मार्ग म्हणजे गेम दुकानातून काढून घेणे. कोनामी कंपनीचा ‘पी.टी.’ हा छोटा भयगेम ऑगस्ट २०१४ मध्ये मोफत आला आणि खूप गाजला. एप्रिल २०१५ मध्ये तो हटवण्यात आला. त्यानंतर तो आधीच उतरवून घेतलेली यंत्रे चढ्या किमतीला विकली जाऊ लागली.

दुसरा मार्ग म्हणजे दुकानच बंद होणे. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. केवळ तिथेच मिळणाऱ्या अनेक गेमची नवी खरेदी त्या दिवसापासून थांबली.

तिसरा मार्ग सर्वांत कठोर: कंपनीचा सर्व्हर बंद होणे. यूबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४चा मोटारशर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला ठेवावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्या डिस्क निरुपयोगी ठरल्या. पुढे ग्राहकांच्या खात्यांतील परवानेही काढून घेण्यात आले.

चौथा मार्ग तांत्रिक आहे. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणताना जुन्या ३२-बिट ॲपचा आधार काढून घेतला. ज्यांच्या निर्मात्यांनी नवी आवृत्ती काढली नाही, असे आयफोनवरचे असंख्य गेम एका अपडेटसरशी बंद पडले.

सरकारी निर्णयाचाही असाच परिणाम होतो. भारताने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी घातली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला ‘बीजीएमआय’ जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. खेळाडूंनी गेममधल्या पोशाखांवर आणि शस्त्रांवर खर्च केलेल्या पैशांचे मोल सर्व्हर सुरू असेपर्यंतच टिकते, हे यातून लाखो भारतीय मुलांना अनुभवाने कळले.

कंपन्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. सर्व्हरला सतत खर्च येतो. गेममधली गाणी, मोटारींची नावे आणि बोधचिन्हे ठरावीक मुदतीच्या करारांवर वापरलेली असतात. मूळ संघ पांगतो, सोर्स कोड हरवतो. ‘किंगडम हार्ट्‌स’ या २००२च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती करताना त्याच्या निर्मात्यांना मूळ सामग्री सापडली नाही आणि बराच भाग नव्याने बांधावा लागला.

नुकसान किती?

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. भारतीयांना ही हानी ओळखीची आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये, मूकपटांचा बहुतेक ठेवा नष्ट झाल्यानंतर. गेममध्ये चित्रकला, संगीत, कथन आणि गणित एकत्र येते. त्याच्या बाबतीत तीच दिरंगाई पुन्हा होऊ देणे हा सांस्कृतिक बेजबाबदारपणा ठरेल.

जतनाचे मार्ग

आजवरचे बरेचसे जतन हौशी लोकांनी केले आहे. जुन्या यंत्राचे काम नव्या संगणकाकडून हुबेहूब करवून घेणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘मेम’ प्रकल्पामुळे गेम पार्लरमधील हजारो जुने गेम अभ्यासासाठी टिकून राहिले. मात्र अशा गेमच्या प्रती वाटणे कॉपीराइट कायद्यात अडकते. संशोधकांना ग्रंथालयांतील जुने गेम दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

निर्मात्यांची इच्छा असेल तर वाट निघते, याचीही उदाहरणे आहेत. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’चा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला केला आणि तो गेम आजही जवळपास प्रत्येक नव्या यंत्रावर चालतो. २०२३ मध्ये ‘नॉकआउट सिटी’चे सर्व्हर बंद करताना निर्मात्यांनी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. ‘सिटी ऑफ हिरोज’ २०१२ मध्ये बंद झाला होता. चाहत्यांनी २०१९पासून तो जाहीरपणे पुन्हा चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांच्या एका गटाला रीतसर परवाना दिला. पोलंडमधील ‘जीओजी’ हे दुकान २००८पासून कोणतेही डिजिटल कुलूप नसलेले गेम विकते. उतरवून घेतलेली फाइल ग्राहकाकडेच राहते.

कायदेही हळूहळू जागे होत आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून, विकली जाणारी वस्तू केवळ परवाना असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असे म्हणता येत नाही. ‘द क्रू’ बंद पडल्यानंतर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. सेवा थांबवली तरी विकलेला गेम खेळण्याजोगा ठेवावा, या मागणीच्या युरोपीय नागरिकांच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. फ्रान्समध्ये तर १९९२च्या कायद्यामुळे तिथे प्रकाशित होणाऱ्या गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते.

भारतात १९५४च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत मुंबईसह चार शहरांतील ग्रंथालयांना द्यावी लागते. गेमसाठी अशी तरतूद नाही. ती झाली, विक्रीच्या वेळी परवाना आणि मालकी यांतला फरक ठळकपणे सांगणे बंधनकारक झाले आणि बंद होणाऱ्या गेमची शेवटची चालू आवृत्ती ग्राहकाला देण्याचा नियम आला, तर खेळणाऱ्याचे पैसे आणि निर्मात्याची कला दोन्ही वाचतील. ‘राजी’सारखे गेम इथे आता कुठे घडू लागले आहेत. त्यामुळे ही व्यवस्था सुरुवातीपासूनच बसवण्याची संधी भारताला आहे. चित्रपटांच्या बाबतीत ती मिळाली नव्हती.