सौर घड्याळ : साठा की प्रवाह?

मनगटावरच्या सौर घड्याळाबद्दल वर्ध्यात बोलायचं, तर जे. सी. कुमारप्पा आठवणारच. मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे कुमारप्पा संपत्तीचे दोन प्रकार मानत : कोळसा, खनिज तेल यांसारखा वापरू तसा संपणारा साठा, आणि पुन्हा पुन्हा भरून येणारा प्रवाह. साधं क्वार्ट्झ घड्याळ साठ्यावर चालतं. दोन-तीन वर्षांनी सेल संपला की फेका. सौर घड्याळाच्या तबकडीतून उजेड आत झिरपतो, खालच्या सौरपट्टीवर पडतो आणि वीज तयार होते. दिव्याचा उजेडही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. म्हणजे हे प्रवाहावरचं घड्याळ, असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण थांबा. ती वीज साठवायला आत पुन्हा भरता येणारा सेल असतोच. म्हणून तर पूर्ण भरलेलं घड्याळ अंधारातही कित्येक महिने चालतं. हा सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण म्हातारा तोही होतो. (आणि हो, वर्ध्याच्या मे महिन्यात ते चार्जिंगला गच्चीवर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका. उजेड हवा, भाजणं नको. खिडकी पुरे.)

चरख्याची माळ तुटली तर आपण घरी दुसरी लावतो. इथे त्याच जातीचा सेल मिळावा लागतो, साधा बसवून भागत नाही. मागचं झाकण उघडलं की पाणी अडवणारी रबरी कडीही तपासावी लागते. घेताना आपण विचारतो, किती मीटर पाण्यात चालतं? हा सेल पंधरा वर्षांनी आपल्या गावच्या घड्याळजीला मिळेल का, हे दुकानदाराला कोण विचारतं?