हिवराचं रोप कुठं मिळेल?

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की कोरेगावपर्यंत उसाची सोबत असते. वर्धनगडाचा घाट ओलांडून पुसेगाव मागं पडलं की रानाचा रंगच बदलतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या दहिवडीत पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. ढग सह्याद्रीवर रिकामे झाल्यावर जे उरतं, त्यावर जगणारा हा माणदेश. दहिवडी, म्हसवड, आटपाडी आणि पुढं जत, कवठेमहांकाळपर्यंत हाच कोरडा पट्टा पसरला आहे.

गेल्या जूनमध्ये या रस्त्यानं निघालो तेव्हा खिशात एक यादी होती. हिवर, शमी, खैर, पळस, नेपती, तरवड. गावाकडच्या पडीक तुकड्यावर इथलीच झाडं लावायची होती. वाटेत रोपवाटिका भरपूर लागल्या. डाळिंब, सीताफळ, आंब्याची कलमं, बंगल्यासमोर लावायचे पाम, सगळं होतं. माझी यादी ऐकली की मात्र तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, ‘त्याला मागणी नाही.’

चौथी रोपवाटिका रस्त्यापासून आत, ओढ्याच्या कडेला होती. हिरव्या जाळीखाली एक मावशी पिशव्यांत माती भरत होत्या. हिवर आहे का, असं विचारल्यावर त्यांनी मान वर केली.

‘‘हाय की. पर न्हेत कोन न्हाई. काटं हायत म्हंत्यात, न्हाईतर बारीक हाय म्हंत्यात.’’

त्यांनी वाफ्यातली एक पिशवी उचलली आणि खाली काहीतरी तटकन तुटलं. पिशवीच्या भोकातून मूळ जमिनीत उतरलं होतं. मावशींनी खुरप्यानं माती उकरून तुटलेला तुकडा काढला आणि रोपाशेजारी धरला. ‘‘ह्ये बगा. वर वीतभर, खाली हातभर.’’

देशी रोपं विकली का जात नाहीत, याचं उत्तर त्या दोन शब्दांत होतं. कोरड्या मुलखातलं झाड पहिल्या एक-दोन वर्षांत आपली कमाई मुळावर खर्च करतं. पावसाळा संपला की वरची माती काही आठवड्यांत सुकते. त्याआधी ओलाव्यापर्यंत पोचलेलं रोप उन्हाळा काढतं, बाकीची वाळतात. कोरड्या दख्खनमधला अंजन याचं ठळक उदाहरण आहे. त्याचं सोटमूळ खोल जात राहतं आणि वरचा शेंडा मात्र वर्षानुवर्षं जागेवरच थांबल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक उंची पाहून पैसे देतं, आणि हिवराची सगळी मेहनत पिशवीच्या आत झाकलेली असते.

पिशवीचीही मर्यादा आहे. सोटमूळ तळाला टेकलं की गोल फिरू लागतं. असं वेटोळं झालेलं रोप लावलं तर मूळ पुढंही सरळ खाली जायला कचरतं, आणि वाऱ्यात किंवा दुष्काळात झाड दगा देतं. म्हणून पिशव्या ठरावीक काळानं उचलून जागा बदलतात. रोपवाटिकेत याला ‘शिफ्टिंग’ म्हणतात. ते एकदा राहिलं, तर माझ्या डोळ्यांदेखत झालं तसं मूळ तुटतं.

दुसरी अडचण बियांची. बाभळीचं बी इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बिया बाहेर टाकतात. जनावराच्या पोटातून आलेलं हे बी लवकर रुजतं, म्हणून जाणते लोक मेंढरं बसलेल्या जागेवरून बी गोळा करतात. ते नसेल तर गरम पाण्यात बुडवून रात्रभर ठेवायचं. कडुलिंबाचं नेमकं उलटं. त्याचं बी काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावतं. लिंबोळी पडली की गर धुऊन लगेच पेरावी लागते. चंदनाला तर सोबत लागते. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून अन्नपाणी घेतात, म्हणून चंदनाच्या पिशवीतच तुरीचं रोप लावतात. ही माहिती छापील पत्रकापेक्षा मावशींसारख्या माणसांच्या हातात जास्त आहे.

राज्यात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी, असं एकूण ५० कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य होतं. इतकी रोपं वेळेत हवी असली की भराभर वाढणारी जातच सोयीची वाटते. मध्य अमेरिकेतला ग्लिरिसिडिया आपल्या डोंगरउतारांवर दिसतो तो याच सोयीमुळं. वेडी बाभूळही तिकडूनच आली आणि ओढे, गायरानं व्यापून बसली. तिचे भाऊबंद अमेरिकेच्या नैर्ऋत्येतल्या सोनोरा वाळवंटात मात्र घरचे आहेत. तिथं उंच सग्वारो निवडुंगाची इवली रोपं त्यांच्या आणि पालो वेर्दे या काटेरी झाडाच्या सावलीत ऊन-थंडीपासून वाचतात. घराणं तेच, पण परक्या रानात त्याच्या वागण्याला लगाम राहत नाही.

अमेरिकेतून आलेलं सगळंच वाईट, असंही नाही. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. तो आधी ‘डॉगरिज’ खुंट लावतो आणि त्यावर हव्या त्या द्राक्षाचं कलम भरतो. हा खुंट टेक्सासमधल्या रानटी द्राक्षवेलीचा आहे. पाण्याचा ताण आणि खारी जमीन तो सोसतो. पीक वरच्या काडीचं, पण बाग तगते ती मुळाच्या जोरावर, हे या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. तेच शहाणपण बांधावरच्या झाडाला लावलं, तर हिवराच्या वीतभर उंचीला कुणी हसणार नाही.

जिद्दीनं उभं केलेलं रान पाहायचं असेल तर सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला जावं. बोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं झाडं लागली, प्राणी आणून सोडले गेले आणि १९८५ साली १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं.

पण प्रत्येक माळ सागरेश्वर करायचा नाही. माणदेशातला कुसळीचा, पवन्याचा माळ म्हणजे झाडांची वाट पाहणारी ओसाड जागा नव्हे. लांडगा, खोकड, चंडोल यांचं ते घर आहे आणि मेंढरांचं कुरण. कुसळीचं बी हातात घेऊन बघा. त्याची लांब शेपटी ओल लागली की उलगडते, सुकली की पिळते, आणि या पिळानं बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. धनगराच्या घोंगडीत रुतणारं हेच गवत ॲरिझोनाच्या माळांवरही उगवतं. अशा माळावर खड्डे घेऊन दाट झाडी लावणं म्हणजे एक जिवंत रान पुरून दुसरं उभं करणं. हिवर-बाभळीची जागा बांधावर, ओढ्याकाठी, गावाच्या पडीक तुकड्यावर.

तेव्हा प्रवासात रोपवाटिका दिसली तर थांबा. वनखात्याच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांतही चौकशी करा. बी कुठल्या झाडाचं, हे आधी विचारा. पिढ्यान्‌पिढ्या इथला दुष्काळ सोसलेल्या झाडाचं बी इथं टिकण्याची शक्यता जास्त. मग पिशवीचा तळ पाहा. मुळांची गुंडाळी झाली असेल तर दुसरं रोप मागा. आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तरी नाव सांगून या. चार जणांनी हिवर मागितला तर पुढच्या वर्षी त्याचा वाफा पडेल.

मी त्या दिवशी बारा रोपं घेतली. मावशींनी पैसे मोजून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘फुडल्या सालाला येताना शेंगा घिऊन या. बी पुरत न्हाई आमास्नी.’’

आमच्या ओढ्याकाठी एक जुना हिवर आहे. यंदा उन्हाळ्यात त्याच्याखाली मेंढरं बसून गेली, त्यानंतर दोन सकाळी वाकून बी वेचलं. पिशवी दारामागं टांगून ठेवली आहे. जूनमध्ये पुन्हा तो घाट ओलांडायचा आहे.