आमच्या घरचे विषारी पाहुणे

"आम्ही घरी विषारी बेडूक पाळले आहेत," असे मी पुण्याच्या एका मित्राला फोनवर सांगितले, तेव्हा त्याने आधी "घरातली मंडळी सुखरूप आहेत ना?" असे विचारले. आज मला वाटते, त्याने बेडकांचीच खुशाली विचारायला हवी होती.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाने मोटार, अंगणातली हिरवळ आणि घराचे कर्ज एवढे सांभाळले म्हणजे पुष्कळ झाले, अशी माझी समजूत होती. पण २०१८ च्या वसंतात आम्ही बाल्टिमोरचे राष्ट्रीय मत्स्यालय पाहायला गेलो. तेथे काचेआड, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा निळा बेडूक बसला होता. अकरा वर्षांचे आमचे चिरंजीव त्या काचेला नाक लावून उभे राहिले ते हलेचनात. "बाबा, आपण असा एक आणू या ना!"

"विषारी" या शब्दाने मी चपापलो. म्हणून आधी पुस्तके चाळली. हे बेडूक मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी रानांतले. कोलंबियात एक सोनेरी जात आहे. तिच्या पाठीवर बाणाचे टोक घासून तिथले एंबेरा लोक शिकार करीत. शास्त्रज्ञांनी १९७८ साली तिची नोंद केली, तेव्हा तिला लॅटिनमध्ये नावच 'भयंकर' असे दिले! मात्र असा बाणांसाठी उपयोग झाला तो मोजक्याच जातींचा. नाव मात्र सगळ्या कुळाला चिकटले.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हे विष बेडकाच्या घरचे नव्हेच. रानातल्या मुंग्या आणि बारीक कोळीकीटक खाऊन ते त्याच्या कातडीत साठते. काचेच्या पेटीत जन्मलेल्या आणि चिलटांवर वाढलेल्या बेडकाच्या अंगात ते नसते. एवढे वाचून सौभाग्यवतींनी परवानगी दिली.

नवशिक्याला सोसतील असे म्हणून आम्ही पिवळ्याजर्द अंगावर काळे पट्टे असलेली व्हेनेझुएलाकडची जात निवडली. तीन पिल्ले आणली, तीही रानातून पकडलेली नव्हेत, पाळीव जोडप्यांची. या कुळाच्या व्यापारावर १९८७ पासून आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. तेव्हा वाचकहो, कागदपत्रांवाचून कोणी असा बेडूक देऊ करील, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा!

बेडकांच्या आधी त्यांचे रान घरात आले. काचेच्या पेटीच्या तळाशी भाजलेल्या मातीचे गोळे, त्यावर जाळी, जाळीवर काथ्याचा भुसा आणि माती, वर वाळकी पाने आणि झाडे. दिवसातून दोनदा क्लोरिन काढलेल्या पाण्याचा फवारा. पेटीत हात घालायचा तो धुऊन आणि साबणाचा अंशही न ठेवता, कारण बेडकाची कातडी सगळेच शोषून घेते.

राहता राहिले जेवण. बेडूक मेलेले खात नाही. त्याला चालते-फिरते भक्ष्य लागते. केळ्यावर बसतात ती चिलटे, पण उडता न येणारी, बरणीत वाढवायची. शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तशी त्यांच्यावर कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पूड टाकायची आणि मग ती वाढायची. "अहो, आमच्या माहेरी चिलटे हाकलण्यात जन्म गेला, आणि तुम्ही ती पाळता!" सौ. म्हणाल्या. पुढे एकदा बरणी कलंडली आणि चिलटे श्रीखंडापर्यंत चालत पोहोचली. त्या दिवसाविषयी अधिक न लिहिणेच बरे.

जुलैत आम्ही तीन दिवस बाहेरगावी गेलो. बेडूक तेवढे दिवस उपाशी राहू शकतात, हे मी वाचले होते. निघताना मी काटकसर म्हणून घर थंड ठेवणारे यंत्र बंद केले. परतलो तेव्हा घरात ९२ अंश फॅरनहाइट होते. या बेडकांना ७० ते ८० मानवते. ८५ च्या पुढे जिवावर बेतते. हेही मी वाचले होते. एक पिल्लू पानावर निपचित पडले होते.

चिरंजीव रडले नाहीत. बराच वेळ पेटीपाशी बसून मग म्हणाले, "बाबा, विषारी तर तो होता ना? मग मेला तो कसा?"

मला उत्तर देता आले नाही. यंत्राचे बटण माझ्याच हाताने बंद झाले होते. आपण ज्याला भितो, तो जीव आपल्या एका निष्काळजी बोटापुढे किती दुबळा असतो, हे मला त्या संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी मी पेटीत तापमापक लावला. त्याची नोंदवही चिरंजिवांनी आपणहून हाती घेतली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास साताऱ्याहून आई आली. एका सकाळी ती मला म्हणाली, "अरे, घरात कुठला पक्षी शिरलाय रे?" पक्षी कसला, बेडूकच शीळ घालीत होता! उरलेल्या दोघांतला नर वयात आला होता. त्यांना अंडी घालायला अंधारी, ओलसर जागा हवी, हे ऐकल्यावर आईने नारळ फोडला आणि करवंटी घासून माझ्या हातात ठेवली. "घ्या बाळंतिणीची खोली!"

त्या करवंटीखाली काही आठवड्यांनी जेलीत लपेटलेली काळी अंडी दिसली. दोन आठवड्यांनी एक नवल घडले. नराने एक पिल्लू पाठीवर घेतले आणि पाण्याच्या वाटीकडे निघाला. त्या इवल्या बापाकडे पाहताना माझ्याने काही बोलवेना. पुढे अडीच महिन्यांनी वाटीतून पिवळ्या पट्ट्यांचा एक नखाएवढा बेडूक बाहेर आला.

नीट सांभाळले तर हे जीव दहा वर्षांहूनही अधिक जगतात. आमचे जोडपे अजून शीळ घालते आहे. चिरंजीव आता कॉलेजच्या वसतिगृहात असतात. उन्हाळ्यात त्यांचा फोन येतो, तेव्हा "कसे आहात?" हा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, "बाबा, पेटीत किती अंश आहेत?"

मी उठून पाहतो आणि मगच सांगतो.