वृक्षांची मोजदाद

पुणे जिल्ह्यात पवना नदीच्या काठी थेरगाव वसलेले आहे. एके काळचे हे खेडे आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून सभोवार कारखाने, रुंद रस्ते आणि उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. शेजारच्या चिंचवडच्या तर नावातच चिंच आणि वड हे दोन वृक्ष आहेत. अशा गजबजलेल्या नगरात कोठे कोणते झाड उभे आहे आणि ते किती मोठे आहे, याची नोंद कोणी व कशासाठी ठेवावयाची, असा प्रश्न तुमच्या मनात येईल.

महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षांच्या जतनासाठी १९७५ साली एक कायदा झाला. या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी नगरातील वृक्षांची गणना करावी लागते. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले. शिवाय, एखादे झाड परवानगीने तोडलेच, तर त्याचे वय जितकी वर्षे असेल तितकी नवी झाडे लावावीत, असाही नियम आला. परंतु झाडाजवळ जन्माचा दाखला कोठे असतो? उभ्या झाडाच्या वयाचा अंदाज बांधण्यास त्याची जात आणि खोडाचा घेर हेच मुख्य आधार. घेर कमी लिहिला गेला, की झाड कागदावर लहान वयाचे ठरते.

वृक्षमोजणीची विद्या नवी नाही. डीट्रिख ब्रांडिस नावाचे जर्मन वनशास्त्रज्ञ १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगू येथील सागवनांचे अधिकारी झाले. पुढे १८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक बनले. ब्रह्मदेशाच्या पावसात कागद टिकणे कठीण. तेव्हा ते हत्तीवर बसून रानातून जात, आणि हातात काही लहान काठ्या ठेवीत. प्रत्येक काठी एकेका आकाराच्या झाडांसाठी. वाटेत साग दिसला, की तो ज्या आकाराचा असेल त्या काठीवर चाकूने एक खाच. दिवसाअखेर खाचा मोजल्या, की हिशेब तयार! युक्ती मोठी नामी खरी. पण कोणत्या खाचेचे झाड कोणते, हे मागाहून कोणालाच सांगता आले नसते.

आज आपल्या देशात खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे सुमारे माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, मोजतात. बुंधा तळाशी पसरलेला असतो, म्हणून ही उंची ठरविलेली आहे. फितीने घेतलेले हे माप चांगलेच. मात्र एकदा आकडा वहीत उतरला, की तो चुकला किंवा कोणी बदलला, तर पुन्हा त्या झाडापाशीच जावे लागते. तोवर झाडच नाहीसे झालेले असेल तर? येथे छायाचित्र उपयोगी पडते.

कॅमेऱ्याने काढलेले आजचे अंकीय चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची ओळीने केलेली मांडणी होय. समजा, खोडाशेजारी एक मीटर लांबीची काठी उभी करून चित्र घेतले. चित्रात काठीची लांबी ५०० ठिपके आणि छातीच्या उंचीवर खोडाची रुंदी ३०० ठिपके भरली. तर खोडाचा व्यास ६० सेंटीमीटर. त्यास ३.१४ ने गुणले, की घेर सुमारे १८८ सेंटीमीटर येतो. हे त्रैराशिक तुम्हांलाही सोडविता येईल.

पण काठी कोठे धरावयाची, यातच खरी गोम आहे. कॅमेरा खोडाच्या मध्यापासून तीन मीटरांवर आहे आणि काठी खोडाच्या पुढच्या अंगाला टेकविली आहे, असे समजा. काठी आता कॅमेऱ्याला तीस सेंटीमीटर जवळ आली, म्हणून ती चित्रात मोठी दिसणार आणि तिच्या तुलनेने खोड बारीक भासणार. साठ सेंटीमीटरांचे खोड चोपन्नाचे ठरेल व घेर १७० च्या आसपास येईल. एका वीतभर चुकीने पन्नाशी गाठलेला वृक्ष यादीत पन्नाशीच्या आतला होऊन बसावयाचा! म्हणून काठी खोडाच्या बाजूस, त्याच्या मध्याच्या रेषेत उभी करावी आणि कॅमेरा सरळ धरावा. उंची मोजावयाची तर पुष्कळ मागे सरावे लागते. इमारतींच्या दाटीत तेवढी जागा क्वचितच मिळते.

खोडही नेहमी वाटोळे नसते. त्यासाठी झाडाभोवती फिरून अनेक चित्रे घेतात. तुम्ही डोळ्यांसमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहा. बोट जागचे हलल्यासारखे दिसेल. सालीवरच्या प्रत्येक खुणेचे असेच ‘हलणे’ ताडून संगणक खोडाचा खराखुरा आकार उभा करतो. काठी मात्र येथेही हवीच, कारण नुसत्या चित्रांवरून आकार कळतो, माप कळत नाही.

विस्तीर्ण अरण्यांसाठी १९८१ साली स्थापन झालेली डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या चित्रांचा उपयोग करते. तिने वनाच्छादनासाठी वापरलेल्या चित्रांत एक ठिपका सुमारे साडेतेवीस मीटर लांबी-रुंदीचा असतो. थेरगावातला एखादा डेरेदार वृक्ष अशा एकाच ठिपक्यात सहज मावून जाईल. रान किती पसरले ते वरून कळते, खोड किती जाड ते कळत नाही. म्हणून निवडक ठिकाणी माणसांना पायी जाऊन मोजावेच लागते.

वडाचे झाड मात्र या साऱ्या युक्त्यांना दाद देत नाही. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून स्वतःच खोडे बनतात आणि मूळ बुंध्याला वेढून टाकतात. अशा वेळी काठी नेमकी कोणत्या खोडाशेजारी उभी केली, हे चित्रासोबत लिहून ठेवावे लागते.