पुरुषांमधील स्तनवृद्धी : संप्रेरक-ग्राही आणि कर्करोगाचा धोका

प्रस्तावना :
पुरुषाच्या स्तनातील ग्रंथिल ऊतकाची सौम्य वाढ म्हणजे स्तनवृद्धी अर्थात ‘गायनेकोमॅस्टिया’ होय. केवळ चरबी साचून छाती फुगीर दिसणे ही निराळी गोष्ट आहे. नवजात अवस्था, पौगंडावस्था व उतारवय या तीन टप्प्यांत ही वाढ नैसर्गिकपणेही आढळते. पौगंडावस्थेतील वाढ बहुधा दोन वर्षांच्या आत आपोआप ओसरते. तथापि अनेक युवक ती संकोचापोटी लपवितात आणि कर्करोगाची भीती मनात बाळगतात. ही भीती कितपत साधार आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ग्राहींचे कार्य :
इस्ट्रोजेन हे संप्रेरक पुरुषाच्या शरीरातही असते. मेद ऊतकातील ॲरोमॅटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रॅडिओलमध्ये करते. पेशीतील ग्राही नावाच्या प्रथिनाशी संप्रेरक जोडले गेले, की ठराविक जनुके कार्यान्वित होतात. स्तननलिकांच्या वाढीस इस्ट्रोजेन चालना देते, तर अँड्रोजेन तिला आळा घालते. हा तोल ढळला की स्तनवृद्धी होते. यकृताचा सिऱ्होसिस, वृषणातील काही गाठी, तसेच स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे ही त्याची परिचित कारणे होत.

ग्राही आणि कर्करोग :
एकूण स्तनकर्करोगांपैकी पुरुषांमधील रुग्णांचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. त्यांतील सुमारे ९० टक्के गाठींत इस्ट्रोजेन-ग्राही आढळतात. परंतु सौम्य स्तनवृद्धीच्या पेशींतही हेच ग्राही असतात. सबब, ग्राहीचे अस्तित्व हा कर्करोगाचा पुरावा नव्हे. पेशी संप्रेरकाला प्रतिसाद देऊ शकते, एवढेच त्यावरून कळते. कर्करोग होण्यासाठी पेशीत जनुकीय बिघाड घडावा लागतो.

संशोधनाचे निष्कर्ष :
स्वीडनमध्ये स्तनवृद्धी झालेल्या ४४६ पुरुषांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एकालाही स्तनकर्करोग झाल्याचे आढळले नाही. वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र अपेक्षेहून अधिक होते. याउलट २,४०५ रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात स्तनवृद्धीचा इतिहास असलेल्यांना स्तनकर्करोगाचा धोका सुमारे दहापट, तर क्लाइनफेल्टर विकारात सुमारे पंचवीसपट दिसला. ही विसंगती पूर्णतः खरी नाही. विरळ रोग शोधण्यास ४४६ ही संख्या अपुरी आहे. शिवाय मूळ धोका अत्यल्प असल्याने तो दहापट झाला तरी लहानच राहतो. बीआरसीए-२ जनुकातील दोषामुळे मात्र पुरुषाला आयुष्यभरात स्तनकर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांपर्यंत जाते.

समारोप :
स्तनाग्राखाली मध्यभागी असलेली, रबरासारखी लवचीक व बहुधा दोन्ही बाजूंची वाढ सामान्यतः सौम्य असते. एकाच बाजूची, मध्यापासून सरकलेली टणक गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा रक्तमिश्रित स्राव आढळल्यास मॅमोग्राफी व ऊतक-तपासणी विनाविलंब करावी. स्तनवृद्धीचे कारण स्पष्ट नसेल, तर वृषणाची तपासणीही आवश्यक ठरते. स्तनाचा कर्करोग केवळ स्त्रियांनाच होतो, या समजुतीमुळे पुरुषांमधील निदान लांबते. म्हणूनच सौम्य वाढीच्या भीतीपेक्षा संकोचातून होणारा विलंब अधिक घातक आहे, ही बाब महाविद्यालयीन आरोग्य-शिक्षणातून युवकांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.