पाच लाखांचं रनिंग!

खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीत रस्त्याकडेला घटकाभर उभे राहा. कारखान्याचा माल, सिमेंटच्या गोण्या, भाजीचे क्रेट, मांडवाचं सामान घेऊन पिकअपमागून पिकअप जात असते. एखादीचं रनिंग विचारा. ‘पाच लाख’ असं उत्तर आलं, तर नुसती मान डोलावून पुढे जाऊ नका. चला, हा आकडा उलगडू या!

मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरा. पाच लाख म्हणजे तशा ३,३३३ खेपा! पृथ्वीभोवती १२ प्रदक्षिणा घालूनही अंतर उरतं. सरळ आकाशात निघाली असती, तर ३,८४,४०० किलोमीटरवरचा चंद्र गाठून परतीचे लाखभर किलोमीटरही कापले असते. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर; म्हणजे प्रत्येक चाक २२ कोटींहून जास्त वेळा फिरलं!

आता माल मोजू. वाशी मार्केट जाऊन-येऊन १०० किलोमीटर धरलं, तर ५,००० खेपा. खेपेला १,३०० किलो म्हटलं, तरी ६,५०० टन! डब्याला ६० टन धरले, तर मालगाडीचे १०८ डबे. जवळजवळ दोन मालगाड्यांचं ओझं एका पिकअपच्या पाट्यांनी पेललं!

डिझेल? १२ चं ॲव्हरेज धरलं, तर ४१,६०० लिटर. ९० रुपयांच्या भावाने साडेसदतीस लाख रुपये!

पण खरी कमाल बॉनेटखाली. महिंद्राचं २,५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. सरासरी वेग ४०, म्हणजे १२,५०० तास. मिनिटाला २,००० फेरे धरले, तर क्रँक फिरला १५० कोटी वेळा! दर फेऱ्याला पिस्टन १० सेंटिमीटर वर, १० सेंटिमीटर खाली. अर्ध्या वितीच्या जागेत येरझारा घालत तो चालला तीन लाख किलोमीटर! गाडी ३,३३३ वेळा मुंबई-पुणे करते, तेवढ्यात पिस्टन जागच्या जागी २,००० वेळा करतो!

आणि हवा? जवळजवळ १८९ कोटी लिटर! २० फूट रुंद, ३३ फूट खोल अशा सहा हजारांवर विहिरी भरतील. ही सगळी हवा एअर फिल्टरच्या कागदातून गाळून आत जाते. फिल्टर काढून झटका आणि खाली पडलेली मूठभर धूळ बघा. ती आत गेली असती, तर सिलिंडर घासून निघाले असते.

चारही सिलिंडरमधले स्फोट मोजा: ३०० कोटी! हे सगळं सोसताना धातूला धातू घासू न देणारा ऑइलचा थर केसाहूनही पातळ. दर १०,००० ला ऑइल बदललं, तर ५० वेळा. फिल्टरसकट दर वेळी २,५०० रुपये धरा. एकूण सव्वा लाख. म्हणजे किलोमीटरमागे डिझेलला साडेसात रुपये, आणि ३०० कोटी स्फोटांपासून इंजिन सांभाळायला २५ पैसे!

अमेरिकेत लुइझियानातल्या २००७ सालच्या एका टोयोटा टुंड्रा पिकअपने २०१६ मध्ये दहा लाख मैल ओलांडले. १६ लाख किलोमीटर, तेही मूळ इंजिनावर आणि वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसिंगवर! त्या हिशेबाने कुंभिवलीच्या पिकअपचा अजून तिसरा हिस्साही झालेला नाही. तेव्हा रोज सकाळी ऑइलची पट्टी ओढा, पुसा, पुन्हा बुडवा, दोन खुणांमधली पातळी बघा आणि मारा स्टार्टर. पाच लाखांपुढेही आकडे आहेत!